वीस हजार पळालेली, अकरा वर्षं उभी: जुनी बॉक्सटर घेतल्यानंतरचे चौदा महिने

ऑक्टोबर २०२४ मध्ये, दसरा झाल्यावर, मी २०१३ ची पोर्शे बॉक्सटर घेतली, दोन सीटची, छत उघडणारी. ९८१ म्हणतात ती पिढी, २.७ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, २६५ पीएस, सात गिअरचा पीडीके, म्हणजे पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. किंमत इथे सांगत नाही, आई वाचते. घेतली तेव्हा मीटरवर २१,४०० किलोमीटर होते, आज ३०,१०० आहेत. म्हणजे गाडीच्या आयुष्यातला पावपेक्षा जास्त प्रवास या चौदा महिन्यांत झालाय, आणि तोही पुण्याच्या रस्त्यांवर. आता लिहायला हरकत नाही.

माझी सगळ्यात मोठी चूक आधीच सांगून टाकतो. मी 'कमी पळालेली' गाडी शोधत होतो. जाहिरातींत पहिला आकडा किलोमीटरचाच बघायचो आणि वीस-बावीस हजारांच्या आत असेल तरच पुढचं वाचायचो. पहिल्या सर्व्हिसला भोसरीचा आमचा मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "साहेब, वीस हजार पळालीय असं सांगू नका कुणाला. अकरा वर्षं उभी होती असं सांगा." तोवर टायर, बॅटरी आणि एक वायरिंगचा गुच्छ बदलून झाला होता.

हीच पिढी का, तर २०१६ नंतरच्या ७१८ ला चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आलं. ते जोरात पळतं, पण आवाज मला आवडत नाही. आणि २००९ च्या आधीची घेतली तर इंजिनातल्या इंटरमीजिएट शाफ्ट नावाच्या दांड्याच्या बेअरिंगची काळजी डोक्यात राहते. ते बेअरिंग गेलं की अख्खं इंजिन जातं. २००९ च्या बदलात आलेल्या नव्या इंजिनात तो शाफ्टच नाही. एवढा विचार पुरेसा होता. बाकी रंग वगैरे बघण्याइतके पर्याय आपल्याकडे बाजारात नसतातच.

पहिली गाडी दिल्लीत बघितली, विमानाने जाऊन. दिल्लीत तेव्हा पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांचीच मुदत होती, त्यामुळे तिकडच्या दहा-बारा वर्षांच्या गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत जायच्या. डीलरचं दुकान चकाचक, गाडी त्याहून चकाचक, मीटरवर १६,२००. डीलरच्या पोराने खिशातून लोहचुंबक काढलं आणि दाराला लावायला गेला. पुट्टी नाही हे दाखवायचं होतं त्याला. चुंबक चिकटेचना. बिचाऱ्याचा चेहरा पडला, पण यात गाडीचा दोष नव्हता. या मॉडेलची दारं, पुढचं झाकण आणि मागचं झाकण ॲल्युमिनियमचं आहे. त्यामुळे रंगाची जाडी मोजायचं यंत्र नेणार असाल तर लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्हीवर चालणारं न्या. स्वस्तातलं नुसतं लोखंडावर चालतं, इथे त्याचा उपयोग नाही. कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्या पॅनलवर अचानक ३०० आलं, तर तिथे पुन्हा रंग झालाय. रंग झाला म्हणजे गाडी वाईट असं नाही, पण का झाला याचं उत्तर मिळायला हवं.

ती गाडी मी स्कॅन करून घ्यायचा हट्ट धरला. डीलर कुरकुरला, पण नेली. आणि इथे एक गोष्ट कळली जी आधी कुणी सांगितली नव्हती. इंजिनचा कॉम्प्युटर इंजिन एकूण किती तास चाललं तेही साठवतो. मीटर मागे फिरवणारे लोक हा आकडा बऱ्याचदा विसरतात. किलोमीटरला तासांनी भागा, सरासरी वेग येतो. त्या गाडीचे तास होते १,२७०. म्हणजे ताशी पावणेतेरा किलोमीटर. दिल्लीचं ट्रॅफिक धरलं तरी स्पोर्ट्स गाडीची आयुष्यभराची सरासरी रिक्षापेक्षा कमी कशी असेल? शिवाय ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड, जिच्यावरून माणूस घसरत आत बसतो, ती पार झिजून गुळगुळीत झालेली. मी चहा घेतला आणि परत आलो. विमानाच्या तिकिटाचे पैसे गेले, पण ते सगळ्यात स्वस्तात पडलेलं शिक्षण.

त्याच रिपोर्टमध्ये इंजिन ठरलेल्या मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं याची सहा टप्प्यांत नोंद असते. पहिले टप्पे भरलेले असले तरी हरकत नाही, ही गाडी ताणण्यासाठीच आहे. वरच्या टप्प्यांत आकडे दिसले तर विचारा. मॅन्युअल गिअरच्या गाडीत हे फार महत्त्वाचं, कारण चुकून खालचा गिअर पडला की इंजिन फरफटत वर जातं. पीडीके असं करूच देत नाही.

मी घेतलेली गाडी मुंबईची, एकाच मालकाची. बघायला गेलो तेव्हा बॅटरी मेलेली. आता गंमत बघा, बॅटरी पुढच्या डिकीत असते (इंजिन सीटमागे, म्हणून पुढेही डिकी) आणि पुढची डिकी विजेवर उघडते. म्हणजे किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी बंद करण्यातला प्रकार. फ्यूजबॉक्समधल्या एका टोकाला बाहेरून करंट दिला की झाकण सुटतं. मालकाच्या ड्रायव्हरने हे इतक्या सराईतपणे केलं की मला तिथेच शंका यायला हवी होती. ज्या माणसाला ही युक्ती तोंडपाठ आहे, त्याची गाडी महिनोन्महिने उभी असते. मी मात्र 'वा, किती माहितगार ड्रायव्हर' म्हणून खूश.

बॅटरी मेल्याचा एक फायदा झाला, इंजिन पूर्ण थंड मिळालं. विकणारा आधीच गाडी सुरू करून ठेवतो, तर तसं करू देऊ नका. पोचल्यावर आधी एक्झॉस्टच्या टोकाशी हात न्या, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. सिलिंडर आडवे असल्यामुळे थोडं ऑइल आत झिरपतं आणि उभी राहिलेली गाडी सुरू करताना निळ्या धुराचा एक झोत सोडते. एक झोत चालेल. मिनिटभर धूर येत राहिला तर निघा.

इंजिन बघायचं म्हणाल तर ते दिसतच नाही. सीटच्या मागे, झाकणाखाली असतं. मागच्या डिकीत ऑइल आणि कूलंट ओतायची दोन तोंडं, बस. ऑइलची पट्टीसुद्धा नाही, पातळी डॅशबोर्डवर दिसते. म्हणून लिफ्टवर चढवल्याशिवाय ही गाडी घेऊ नये. खालून मी गळती बघितली, प्लास्टिकचे पत्रे स्पीडब्रेकरने किती खरवडलेत ते बघितलं. पुढच्या बंपरमध्ये दोन्ही बाजूंना रेडिएटर असतात, तिथे टॉर्च मारला. उजव्या बाजूला वाळलेली पानं कोंबून भरल्यासारखी होती आणि मधोमध वेफर्सचं चंदेरी पाकीट. अशी ओली पानं वर्षानुवर्षं चिकटून राहिली की एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर सडतो. माझा वाचला. मालकाला ते पाकीट दाखवून मी किंमत कमी करून घेतली, हे मात्र अभिमानाने सांगतो.

जे बघितलं नाही ते आता सांगतो.

टायरवर नक्षी भरपूर होती, म्हणून पुढे बघितलंच नाही. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते, माझ्या टायरवर होती २७१५. म्हणजे २०१५ सालचा सत्ताविसावा आठवडा. नऊ वर्षांचं रबर! एक्सप्रेसवेवर ऐंशीला स्टिअरिंगमध्ये थरथर सुरू व्हायची, कारण एकाच जागी उभं राहून टायर खाली चपटे झाले होते. पुढे २३५, मागे २६५, चारही नवे घेतले, कडेला 'एन' शिक्का असलेले, म्हणजे पोर्शेने मंजूर केलेले. एका चांगल्या स्कूटरएवढे पैसे गेले. आणि स्टेपनी नसते, नुसता सीलंटचा डबा, तोही मुदत संपलेला होता.

दुसरं, छत. गाडी कोरडी होती, छत तीनदा उघडबंद केलं, छान चाललं. पण छताचं पाणी वाहून जायला मागे दोन बाजूंना नळ्या असतात, त्या पानांनी तुंबतात. मे महिन्यातल्या पहिल्याच वळवाने सीटमागचा गालिचा ओला झाला. आता वाटतं, गाडी बघताना तिथे हात घालून दाबायला हवं होतं, नाक लावायला हवं होतं. कुबट वास लपत नाही. आणि मालकाला सरळ सांगायचं, बाटलीभर पाणी ओततो आणि खाली जमिनीवर येतंय का बघतो. तो नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

तिसरं, उंदीर. छत अर्धवट उभं करून इंजिनवरचं झाकण काढलं तेव्हा आत घरटंच निघालं. नारळाच्या शेंड्या, कागदाचा भुगा, आणि शेजारी कुरतडलेल्या वायरी. तोवर डॅशबोर्डवर अधूनमधून इंजिनचा इशारा यायचा आणि स्कॅनमध्ये दर वेळी वेगळंच कारण निघायचं. रोज पळणाऱ्या गाडीत उंदीर सहसा संसार थाटत नाही.

कागदपत्रांत मी जरा शहाणपणा केला. वाहन पोर्टलवर बोजा होता, बँकेचं कर्ज फिटून चार वर्षं झालेली पण कुणी फॉर्म ३५ भरलाच नव्हता. तो उतरवल्याशिवाय पैसे देणार नाही म्हटलं. ई-चलनंही बघून घ्या, स्पोर्ट्स गाडीवर ती असतातच. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी पाटी बसलीय का तेही बघा. आणि विम्यातला नो क्लेम बोनस. अकरा वर्षं एकच मालक, 'कधी खरचटलंसुद्धा नाही', मग बोनस ५० टक्के हवा. पॉलिसीवर होता २०. म्हणजे मागच्याच्या मागच्या वर्षी क्लेम झालेला. विचारल्यावर कळलं, ड्रायव्हरने पार्किंगमध्ये बंपर ठोकला होता. छोटीच गोष्ट, पण विचारल्यावरच बाहेर आली. परराज्यातली गाडी घेणार असाल तर एनओसी आणि इथला कर हे आधी हिशेबात धरा, नाहीतर स्वस्तातली गाडी स्वस्त राहत नाही.

एक गोष्ट गाडीत नाही, तुमच्या घरी तपासायची असते. आमच्या सोसायटीचा बेसमेंटचा उतार. मी घ्यायच्या आधी नुसता अंदाज केला. पहिल्या दिवशी पुढच्या बंपरचा ओठ खर्रकन घासला आणि वॉचमन धावत आला. आता उताराच्या तळाशी दोन रबरी पाट्या ठेवतो आणि तिरका उतरतो. स्पीडब्रेकरवरही तिरकंच जावं लागतं, मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्यावेत.

चालवायला कशी आहे हे खरं तर सगळ्यांनाच माहीत असतं, म्हणून थोडक्यात. एक्सप्रेसवेवर शंभरच्या मर्यादेत ती झोपाळलेली वाटते. ताम्हिणीत, सकाळी सातच्या आत, छत उघडं, दुसरा-तिसरा गिअर आणि मानेमागे ते इंजिन, तेव्हा टायरचे पैसे आठवत नाहीत. शहरात लिटरला आठ, महामार्गावर बारा. शक्य तेव्हा शंभर ऑक्टेनचं पेट्रोल घालतो. इथेनॉलचं पेट्रोल ओलावा ओढतं, त्यामुळे टाकी भरून गाडी महिनाभर उभी ठेवणं मी बंद केलं. दर दहा दिवसांनी किमान चाळीस किलोमीटर, ऑइल नीट गरम होईपर्यंत. बाकी वेळ बॅटरीला चार्जर, झाकणाखाली जाळी. गेल्या आठ महिन्यांत एकही इशारा आलेला नाही.

घरच्यांचं म्हणाल तर मे २०२४ नंतर पुण्यात पोर्शे म्हटलं की कल्याणीनगरचा अपघातच डोळ्यासमोर येतो, आईच्याही. तिने दोन महिने गाडीला हात लावला नाही. मग एकदा बसली, म्हणाली, "पाटावर बसल्यासारखं वाटतंय." आता मंडईत जायचं असेल तर हीच काढ म्हणते, पुढच्या डिकीत भाजी मावते म्हणून.

आणि परवा जाहिराती चाळत होतो, सवय जात नाही. ती दिल्लीची गाडी पुन्हा दिसली. तोच रंग, तीच झिजलेली सीट, फोटो मात्र नवे. किलोमीटर लिहिलेत १३,८००.