बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीच्या नावाखाली आमचे ४,७६,३०० रुपये गेले

हे लिहायचे धाडस होण्यास मला सात महिने लागले. ज्या गावात तीस वर्षे मुलांना शिकवले, पालकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या, त्याच गावात आपण फसलो हे चारचौघांत सांगायला जीभ रेटत नव्हती. पण गेल्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, तुमचा मुलगा अमेरिकेला खेळायला गेला ना? आमच्या मुलालाही त्याच माणसाने निवडले आहे, येत्या पंधरवड्यात पैसे भरायचे आहेत," असे तो आनंदाने सांगू लागला. त्या माणसाच्या माहितीपत्रकात माझ्या मुलाचे छायाचित्र 'निवड झालेला खेळाडू' म्हणून छापलेले आहे, हे मला त्या दिवशी कळले. माझा मुलगा फोंड्यात आमच्या घरीच आहे. म्हणून आता लाज बाजूला ठेवून सगळे लिहितो.

मुलगा एकवीस वर्षांचा, उंची सहा फूट पाच इंच. गोव्यात उंच मुलगा दिसला की लोक त्याला गोलरक्षक करतात, परंतु याने शाळेपासून बास्केटबॉलच धरला. गावातल्या सभागृहामागच्या सिमेंटच्या मैदानावर, एकाच ट्यूबलाइटच्या उजेडात, जाळी फाटून नुसती कडी उरलेल्या रिंगवर त्याने रोज संध्याकाळी दोन-दोन तास काढले, महाविद्यालयाच्या संघाचे कर्णधारपद मिळवले आणि २०२४ मध्ये बी.कॉम. पूर्ण केले. आपल्या देशात यापुढची वाट कशी आहे, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धा खेळायची, तिथे नजरेत भरले तर रेल्वे, सेनादल किंवा एखाद्या सार्वजनिक उपक्रमात खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळवायची, आणि नोकरी सांभाळून खेळायचे. २०२२ मध्ये इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग सुरू झाली तेव्हा थोडी आशा वाटली होती, परंतु निव्वळ खेळावर घर चालवणारे बास्केटबॉलपटू आपल्याकडे अजून फारच थोडे आहेत. ही अडचण मला जितकी ठाऊक होती तितकीच अमेरिकेतली शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणणाऱ्या त्या माणसालाही ठाऊक होती, आणि त्याने बोट नेमके तिथेच ठेवले.

जून २०२४ मध्ये पणजीतील एका हॉटेलच्या सभागृहात आणि नंतर भाड्याने घेतलेल्या मैदानावर त्याचे 'निवड शिबिर' झाले. नोंदणी ११,८०० रुपये, म्हणजे दहा हजार अधिक अठरा टक्के जीएसटी. पावती छापील होती, पण तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता, हे मी पाच महिन्यांनी पाहिले. पावती हातात पडली की तो क्रमांक आधी पाहा आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तिथल्या तिथे तपासा, त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

शिबिरातल्या भाषणात त्या माणसाने सतनाम सिंग भामराचे नाव घेतले. पंजाबातल्या खेड्यातला मुलगा २०१५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या वार्षिक खेळाडू-निवडीत, डॅलस मॅव्हरिक्स संघाने निवडला, तो अमेरिकेत कॉलेज खेळूनच वर गेला, तुमच्या मुलांसाठीही तीच शिडी आहे, असे तो म्हणाला. सभागृहात टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. खरी हकिकत अशी आहे की सतनाम अमेरिकी कॉलेजसाठी एकही सामना खेळलेला नाही. तो चौदाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातील अकादमीत गेला आणि तिथूनच थेट ड्राफ्टमध्ये उतरला. त्याची निवड बावन्नाव्या क्रमांकावर झाली आणि त्यानंतर एनबीएच्या मुख्य मोसमातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. ड्राफ्टच्या दोन फेऱ्यांत मिळून जगभरातून साठच्या आसपास खेळाडू घेतले जातात. त्याच वर्षी सॅक्रामेंटो किंग्ज या एनबीए संघाकडून खेळलेला भारतीय वंशाचा सिम भुल्लर कॉलेजमधून आला होता खरा, पण तो कॅनडात वाढलेला होता आणि ड्राफ्टमध्ये त्याला कोणी निवडले नव्हते. ही सगळी माहिती फोनवर मिळते, आणि जो माणूस पहिल्याच भाषणात अशी चूक करतो त्याला या खेळाचे काहीही ठाऊक नाही किंवा तो खोटे बोलतो आहे. मी मराठीचा शिक्षक आहे. बास्केटबॉलमधला अधिकारी पुरुष समोर उभा आहे असे मी धरून चाललो, आणि त्यात माझे फार मोठे पाप होते असे मला आजही वाटत नाही.

पुढचे टप्पे अशा प्रकरणांत जसे असतात तसेच होते. मुलाच्या खेळाची चित्रफीत तयार करण्यासाठी ३५,००० रुपये घेतले, त्यानंतर अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेकडून पात्रता मिळवून देण्यासाठी ६४,५०० रुपये. ही पात्रतेची नोंदणी खेळाडू स्वतः घरबसल्या करतो आणि तिचे शुल्क थेट त्या संघटनेकडेच भरतो. शिवाय कोणत्याही देशातल्या महाविद्यालयात पूर्णवेळ प्रवेश घेतला की तिथल्या पहिल्या श्रेणीच्या (फर्स्ट डिव्हिजनच्या) नियमांप्रमाणे खेळाडूला खेळण्यासाठी मिळणाऱ्या ठरावीक वर्षांचे घड्याळ चालू होते, म्हणजे गोव्यात बी.कॉम.ची तीन वर्षे संपवलेल्या मुलाचा बराच काळ अगोदरच खर्ची पडलेला असतो. आमच्याकडून पैसे घेणाऱ्याने यातला एक शब्दही कधी काढला नाही.

ऑगस्टमध्ये पत्र आले. अमेरिकेतल्या एका लहान विद्यापीठाचे बोधचिन्ह, प्रशिक्षकाची सही, जानेवारीत प्रवेश, पूर्ण क्रीडा शिष्यवृत्ती, एक मोसम खेळल्यावर युरोपातल्या क्लबशी व्यावसायिक करार. व्हिसासाठी लागणारा आय-२० हा दस्तऐवज मिळण्यापूर्वी २,४०,००० रुपयांची परत मिळणारी अनामत भरायची होती.

आता ज्या रात्रीमुळे आणि ज्या सकाळमुळे मला अजून झोप लागत नाही, त्याविषयी लिहितो. २२ ऑगस्टच्या रात्री जेवणे झाल्यावर मुलगा फोन हातात घेऊन माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाबा, हे विद्यापीठ थर्ड डिव्हिजनमध्ये आहे. थर्ड डिव्हिजनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, असं इथं लिहिलंय." मी फोन पाहिलासुद्धा नाही. "सर दहा वर्षे हेच काम करतात, त्यांना कळत नाही आणि तुला कळतं?" असे मी त्याला म्हणालो. तो गप्प झाला. माझ्या मुलाला नियम कळला होता, आणि त्याला गप्प करणारा त्याचा बाप शिक्षक होता.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी बँकेत गेलो. पतसंस्थेतली ठेव मुदतीआधी मोडली होती, कुळागरातल्या सुपारीचे पैसे त्यात घातले होते. काउंटरवर आरटीजीएसचा अर्ज भरताना मी त्या माणसाने पाठवलेला संदेश समोर ठेवला आणि 'लाभार्थीचे नाव' या ओळीत एका बाईचे नाव लिहिले. त्या संस्थेचे किंवा विद्यापीठाचे नाव त्या ओळीत यायला हवे होते. खाते बचत खाते होते आणि शाखा परराज्यातली होती. माझे अक्षर चांगले आहे, फळ्यावर लिहून लिहून वळणदार झालेले आहे, आणि त्याच अक्षरात मी ते अनोळखी नाव सावकाश, एकही खाडाखोड न करता लिहिले. मधेच पेन थांबले होते, हे मला स्पष्ट आठवते. ही बाई कोण, असा प्रश्न मनात आला होता. मागे रांग होती, बाहेर पाऊस होता, साडेअकराची कदंबा बस गाठायची होती, आणि दुपारपर्यंत रक्कम जमा झाली नाही तर जागा दुसऱ्याला जाईल असे तो म्हणाला होता. हिशेबनीस असेल, अशी मीच माझी समजूत घातली आणि खाली सही केली. विद्यापीठाची अनामत कोणाच्या बचत खात्यात जात नाही. आय-२० केवळ विद्यापीठच देते, आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीसाठीचे अमेरिकी सरकारचे ३५० डॉलरचे सेव्हिस शुल्क विद्यार्थी स्वतः थेट त्या सरकारकडे भरतो. तेवढे एक नाव वाचून मी अर्ज फाडला असता तर माझे ३,६५,००० रुपये वाचले असते.

कारण त्यानंतरही मी दिले. २ सप्टेंबरला, गणेश चवथ पाच दिवसांवर असताना, युरोपातल्या करारासाठी 'हमी विमा' म्हणून १,२५,००० रुपये मागितले, आणि ते मी मेहुण्यांकडून उसने आणले. एव्हाना साडेतीन लाख गुंतलेले होते आणि आता मागे फिरलो तर तेही बुडतील, अशी भीती होती. त्या भीतीवरच हे लोक पोट भरतात. युरोपातल्या क्लबांशी व्यवहार करणाऱ्या खेळाडूंच्या एजंटांना फिबा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ, परवाने देतो आणि परवानाधारकांची यादी सर्वांना पाहता येते. खरा एजंट करार झाल्यावर त्या रकमेतून आपले मानधन घेतो. परदेशी क्लबसाठी खेळायला आपल्या राष्ट्रीय महासंघाचे मुक्ततापत्र लागते, आणि त्या पत्राचा उल्लेख आमच्या सहा महिन्यांत एकदाही झाला नाही.

नोव्हेंबरमध्ये फोन उचलणे बंद झाले. तेव्हा मुलाने मला न विचारता त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला ई-मेल केला. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पत्ता होता. दोन दिवसांत सभ्य उत्तर आले की असे पत्र आम्ही दिलेले नाही, आमच्याकडे क्रीडा शिष्यवृत्ती नाही, तुमच्यावर ओढवलेल्या प्रसंगाचे वाईट वाटते. या ई-मेलला एक रुपयाही लागला नाही. पहिला पैसा देण्यापूर्वी हा ई-मेल करा, आणि मध्यस्थाने दिलेल्या पत्त्यावर न करता विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून पत्ता घेऊन करा. अमेरिकेतल्या शिक्षणाचा सल्ला देणारे एज्युकेशनयूएसएचे केंद्र मुंबईत आहे, तिथे विचारा.

यानंतर जे भोगले त्याचा राग मला त्या भामट्याइतकाच आहे. हद्दीतल्या पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी अडीच तास बाकावर बसवले आणि नंतर सांगितले की तुम्ही स्वखुशीने पैसे दिले, हे दिवाणी प्रकरण आहे. दुसऱ्या खेपेला म्हणाले, शिबिर पणजीत झाले, तिथे जा. पणजीत म्हणाले, पैसे फोंड्यातून गेले, तिथे जा. तिसऱ्या ठिकाणी सांगितले, खाते परराज्यातले आहे, तिथे जावे लागेल. एका अधिकाऱ्याने माझ्या देखत सहकाऱ्याला विचारले, "मास्तर असून फसले?" ते वाक्य मी घरी सांगितलेले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक हा गुन्हा आहे. हे मी छापून नेले तेव्हा कागद हातात न घेताच "अर्ज ठेवून जा" असे उत्तर मिळाले. अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारणारा कर्मचारी रजेवर होता. बँकेने सांगितले की अर्जावर सही तुमचीच आहे, आम्ही काय करणार. राज्यातल्या क्रीडा क्षेत्रातल्या एका पदाधिकाऱ्यांनी ते शिबिर आमच्या मान्यतेने झाले नव्हते असे सांगून हात झटकले. मग ते शिबिर भर पणजीत, फलक लावून, दोन दिवस झाले तेव्हा मान्यता कोणी विचारली का नाही? २०२३ मध्ये याच गोव्याने राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरवल्या, पण शिबिराच्या नावाखाली पोरांना लुटणाऱ्यांना आवरायला इथे कोणी पुढे येत नाही.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या मदतक्रमांकावर फोन करा, कारण खात्यातली रक्कम पुढे सरकण्याआधीच ती गोठवता येते. मी अडीच महिने उशीर केला आणि तोवर खाते रिकामे झाले होते. व्हॉट्सॲपवरचे संदेश पुसू नका. मी रागाच्या भरात काही पुसले आणि आता तेच पुरावे माझ्याकडे मागतात.

सात महिन्यांत माझ्या हाती एक अर्ज क्रमांक आला आहे, आणि फोन केला की "तपास चालू आहे" एवढेच कानी पडते. त्या जूनमध्ये पणजीच्या मैदानावर उंची मोजायच्या रांगेत आमच्या पुढे-मागे निदान तीस मुले होती, काही डिचोलीची, काही मडगावची, दोन सावंतवाडीहून आलेली. तुमच्यापैकी ज्यांनी पैसे दिले असतील त्यांनी पावती आणि बँकेचा उतारा शोधून ठेवावा आणि आपापल्या ठाण्यात स्वतंत्र लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी. एकट्या मास्तरांचा कागद बाजूला सारणे त्यांना सोपे गेले आहे, तीस पालकांचे कागद एकदम आले तर तसे करता येणार नाही. माझ्या जुन्या विद्यार्थ्याने पैसे भरणे थांबवले आहे आणि ते नवे माहितीपत्रक मला आणून दिले आहे. सोमवारी ते घेऊन मी पुन्हा ठाण्यात जाणार आहे, आणि या वेळी पोचेवर शिक्का उमटेपर्यंत तिथून उठणार नाही.