फोटोशॉप, गिंप, फोटोपी की स्नॅपसीड: फोटोवर प्रयोग करायचेत तर कुठे करायचे?

अ‍ॅडमिशन झाली रे झाली की आमच्या फोटोग्राफी कोर्सच्या ज्युनिअर मंडळींचे मेसेज सुरू होतात, ताई एडिटिंगला काय घेऊ, फोटोशॉपचं सबस्क्रिप्शन काढू का, लॅपटॉप जुना आहे चालेल का, की फोनवरच भागेल. मी आधी उलटा प्रश्न विचारते, तुला करायचंय काय नक्की? लग्नाचे आठशे फोटो एका रंगात आणायचे असतील तर पुढचं वाचू नकोस, ते लाइटरूमवाल्यांचं काम. इथे विषय आहे डबल एक्स्पोजर (दोन फोटो एकात मिसळणं), सोलरायझेशन (उजळ भाग उलटून गडद करणं), ड्युओटोन (अख्खा फोटो दोनच रंगांत), ग्लिच (मुद्दाम बिघडवलेला फोटो) असल्या उद्योगांचा, जे बघून आई म्हणते "चांगला होता की गं फोटो, हे काय केलंस".

तर मी पहिल्या वर्षी दोन फोटो घेऊन बसले होते आणि तेच दोन सगळीकडे फिरवले. एक आजोबांचा, गच्चीवर काढलेला साइड प्रोफाइल, मागे पांढरंफटक आभाळ, त्यामुळे चेहरा जवळजवळ काळा. दुसरा फेब्रुवारीतली काटेसावर, झाडावर एक पान नाही, नुसत्या फांद्या आणि लाल फुलं, आणि मागे परत आभाळच. डोक्यात चित्र असं होतं की आजोबांच्या डोक्यातून झाड उगवलंय. (घरातले जुने फोटो एकमेकांत मिसळायची कल्पना काही माझी नाही. चित्रकार विवान सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये आपले आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेले घरचे फोटो घेऊन डिजिटल मोंटाज, म्हणजे जोडचित्रं, केले होते, त्यात वेगवेगळ्या काळातली माणसं एका खोलीत येऊन बसतात. ते नक्की बघ.)

सुरुवात स्नॅपसीडवर, ते फोनवर चालतं, फोन हातातच होता आणि फुकट. डबल एक्स्पोजर टूल उघडलं, काटेसावरीचा फोटो आत घेतला, लाइटन, डार्कन, अ‍ॅड, सबट्रॅक्ट असे मोड दिसले, मी लाइटन दाबलं आणि आजोबांचं डोकंच गायब! फुलं राहिली, फांद्या राहिल्या, पण डोक्याची कड कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं काही पत्ता नाही. मग स्लायडर मागेपुढे करत करत जरा बरं दिसेल तिथे थांबले आणि तसंच सबमिट केलं. सरांनी एकच विचारलं, कड का गेली? मला सांगता येईना.

ते मला फोटोपीवर कळलं. फोटोपी ब्राउझरमध्ये उघडतं, इन्स्टॉल काही करायचं नाही, दिसायला जवळपास फोटोशॉपच, पीएसडी (फोटोशॉपची लेयरवाली फाइल) उघडतं, स्मार्ट ऑब्जेक्टसुद्धा आहेत (मूळ फोटो न बिघडवता बदल करता येणारे लेयर), आणि फोटो कुठे अपलोड होत नाही, सगळं तुझ्याच मशीनवर चालतं. बाजूला जाहिराती दिसतात, तेवढं सहन करायचं. तिथे दोन फोटो दोन लेयरवर, म्हणजे थरांवर, एकावर एक ठेवले आणि ब्लेंड मोड (वरचा थर खालच्यात कसा मिसळायचा ते ठरवणारे पर्याय) एकेक करून बघत गेले. गणित अगदी साधं आहे. काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे १ धर. मल्टिप्लायमध्ये दोन्ही आकड्यांचा गुणाकार होतो, ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५, म्हणून चित्र गडद होतं आणि पांढरा भाग नाहीसा होतो. स्क्रीन त्याच्या बरोब्बर उलटं, तेच दोन ०.५ मिळून ०.७५ होतात, पांढरं पांढरंच राहतं आणि काळ्या जागी दुसरा फोटो जसाच्या तसा दिसतो. लाइटनमध्ये दोघांपैकी जो उजळ तो राहतो. आता बघ, आजोबांचं डोकं काळं, म्हणजे तिथे काटेसावरीचा फोटो पूर्ण दिसणार, पण त्या फोटोतही आभाळ पांढरंच! मग डोक्यातही पांढरं आणि बाहेरही पांढरं, कड राहील कशी? चूक मोडची नव्हती, फोटोच्या निवडीची होती. दुसऱ्या फोटोत आभाळ नको होतं, काहीतरी भरगच्च मध्यम गडद हवं होतं, पानांची गर्दी, दगडी भिंत, वाहतं पाणी. किंवा उलटा रस्ता, आजोबांचा चेहरा जरा उजळ असलेला फोटो घ्यायचा आणि काटेसावर मल्टिप्लायवर टाकायची, मग पांढरं आभाळ निघून जातं आणि फांद्या चेहऱ्यावर शिरांसारख्या उमटतात. मला शेवटी हेच जास्त आवडलं.

कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यात हे करता येतं का, तर काही मॉडेल्समध्ये मल्टिपल एक्स्पोजर असतं, पण आपण घेतो त्या सुरुवातीच्या किटमध्ये बहुतेकदा नसतं. असेल तर अ‍ॅडिटिव्ह मोडमध्ये दोन्ही शॉट साधारण एकेक स्टॉप कमी (म्हणजे निम्म्या उजेडाचे) ठेव, नाहीतर उजेडाची बेरीज होऊन सगळं जळतं. मजा वेगळीच आहे कारण दुसरा शॉट घेताना पहिला लक्षात ठेवावा लागतो, पण फक्त एवढ्यासाठी कॅमेरा बदलू नकोस.

गिंप हा लॅपटॉपवरच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमधला जुना गडी, पहिली आवृत्ती १९९६ची, पूर्ण फुकट, आणि एकदा टाकलं की नेट नसलं तरी चालतं, हॉस्टेलच्या वायफायवर दिवस काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. माझा त्याच्यावरचा राग एकाच गोष्टीवर होता, कुठलाही फिल्टर लावला की तो लेयरमध्ये मुरायचा, दोन दिवसांनी मत बदललं तर परत पहिल्यापासून. मार्च २०२५ मध्ये ३.० आलं त्यात हे बदललं, आता फिल्टर लेयरला चिकटून राहतो आणि नंतर उघडून आकडे बदलता येतात. मेनूंची मांडणी मात्र अजून जरा डोकं खाते, आठवडाभर शिव्या देशील, मग सवय होते.

आणि फोटोशॉप. चांगलंच आहे, त्यात वाद नाही, केसांचं सिलेक्शन तिथे जसं पटकन होतं तसं मला बाकी कुठे जमलं नाही, आणि जनरेटिव्ह फिल (एआयने रिकामी जागा भरणं) वगैरे आहेच. पण प्रश्न असा की पहिल्या वर्षी त्यातलं लागतं किती? पांढऱ्या आभाळावरच्या काळ्या डोक्याला सिलेक्शन लागतच नाही, ब्लेंड मोडच ते काम करतो. फोटोशॉपमध्येसुद्धा लेयर १९९४ ला आले, पहिली आवृत्ती १९९० ची, म्हणजे चार वर्षं लोक लेयरशिवाय मोंटाज करत होते, आणि आपण लेयर फुकट मिळत असताना रडतोय. सबस्क्रिप्शन दरमहा जातं, कोर्सच्या लॅबमध्ये असेल तर तिथेच वापर आणि घरी तीच पीएसडी फोटोपीत उघड. क्रॅक व्हर्जन कोणी पेनड्राइव्हवर देत असेल तर घेऊ नकोस, चोरी तर आहेच, वर व्हायरस फुकट. डेस्कटॉपवर नीट सॉफ्टवेअर हवंच असेल तर अ‍ॅफिनिटी ऑक्टोबर २०२५ पासून फुकट झालंय, कॅनव्हा या डिझाइनच्या साइटचं खातं काढावं लागतं.

बाकी इफेक्टचं थोडक्यात सांगते.

सोलरायझेशनसाठी फोनवर शोधत बसू नकोस, कर्व्हज (फोटोतला उजेड रेघ वाकवून बदलायचं टूल) लागतात. उजळ भागाकडची रेघ खाली ओढून उलटा व्ही केलास की झालं, फोटोपी, गिंप कुठेही. १९२९ च्या सुमारास पॅरिसमध्ये मॅन रे आणि ली मिलर हे फोटोग्राफर हे डार्करूममध्ये करायचे, डेव्हलप होत असताना मध्येच लाइट लावून. त्यांच्या फोटोत आकारांच्या कडेला एक बारीक रेघ येते, ती नुसत्या कर्व्हने येत नाही, म्हणून तुझा फोटो तसा दिसला नाही तर स्वतःला दोष देऊ नकोस. आणि हे जेपीजीवर करू नकोस. जेपीजीत एका चॅनलला (लाल, हिरवा, निळा यातल्या एकेका रंगाला) उजेडाच्या २५६ पायऱ्या, १४ बिट रॉमध्ये (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) १६,३८४, कर्व्ह एवढा वाकवला की जेपीजीच्या आभाळात पट्टे दिसायला लागतात.

खोटं इन्फ्रारेड पावसाळ्यात घाटात काढलेल्या फोटोंवर भारी दिसतं. चॅनल मिक्सर (तिन्ही रंग किती घ्यायचे ते ठरवायचं टूल) मोनोक्रोम, म्हणजे काळापांढरा, कर, ग्रीन २०० टक्के, ब्लू उणे १००, रेड ०. पानं चुन्यासारखी पांढरी आणि निळं आभाळ असेल तर ते काळं. कोणी निळी साडी नेसून उभं असेल तर तीही काळी होते, आणि ब्लू चॅनलमधला नॉइज वर येतो, तेवढं बघून घे. खऱ्या इन्फ्रारेडमध्ये पानं पांढरी दिसतात ती न दिसणारा प्रकाश परावर्तित करतात म्हणून, इथे आपण फक्त हिरव्याला चढवतोय, हा फरक व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारतात.

ग्लिच सगळ्यात सोपं, फोटोपीत फक्त रेड चॅनल निवडून पंधरा-वीस पिक्सेल बाजूला सरकव. अजून वेडेपणा करायचा असेल तर बीएमपी फाइल ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ डेटा म्हणून घे आणि आवाजाला देतात तसा एको दे, फक्त सुरुवातीचा हेडरचा (फाइलची माहिती असलेला) भाग सोडून, नाहीतर फाइल उघडणारच नाही.

मग स्नॅपसीड टाकूनच द्यायचं का? नाही गं. एसटीत बसून कल्पना तपासायला त्याच्यासारखं काही नाही, आणि त्यात व्ह्यू एडिट्समध्ये जाऊन कुठलीही पायरी ब्रशने फक्त हवी तिथेच लावता येते, हे कित्येकांना माहीतच नसतं. मी अजूनही कच्चा आराखडा तिथेच करते, जमतंय असं वाटलं तर मूळ रॉ घेऊन लॅपटॉपवर पहिल्यापासून. जुन्या लॅपटॉपवर फोटोपी आधी चालवून बघ, क्रोमचे वीस टॅब बंद करून. तो रडला तर गिंप. पैसे भरायचा विचार तेव्हाच कर जेव्हा एखादी गोष्ट अडेल आणि ती कुठली अडलीय हे तुला नाव घेऊन सांगता येईल.

एक मात्र सांभाळ, वारीचे किंवा कुठलेही डॉक्युमेंटरी फोटो आणि हे प्रयोग एका फोल्डरमध्ये ठेवू नकोस, वर्ल्ड प्रेस फोटोला किंवा तशा स्पर्धेला दोन फोटो मिसळलेला फ्रेम चालत नाही आणि सहा महिन्यांनी तुलाच आठवत नाही कुठल्यात काय केलंय. लेयरवाली फाइल वेगळी ठेव. आणि प्रिंटला देताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव, ए-३ ला ३०० डीपीआयने ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात आणि फोटो म्हणून गेला की त्यातले बरेचसे वाटेतच गळतात.