पर्सनल बजेट काउन्सिलकडे ठेवावे की स्वतःच्या हाती घ्यावे : इंग्लंडमध्ये घरी देखभाल लावताना

इंग्लंडमध्ये १९६०-७० च्या दशकांत आलेली मराठी डॉक्टर-अभियंत्यांची पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. देखभालीची वेळ येते तेव्हा तिच्या मुलांपुढे वृद्धाश्रम की घर असा प्रश्न फारसा नसतो, कारण घर हे बहुधा ठरलेलेच असते. घरी येणाऱ्या माणसाची व्यवस्था कोणी लावायची आणि पैसा कोणाच्या हातून जायचा, यावर मात्र घोडे अडते. एप्रिल २०१५ पासून अमलात आलेल्या केअर ॲक्ट २०१४ नुसार पात्र व्यक्तीच्या देखभाल आराखड्यात काउन्सिलला, म्हणजे स्थानिक प्रशासनाला, एक रक्कम नमूद करावी लागते. हेच पर्सनल बजेट. काउन्सिलने स्वतः एजन्सी लावून द्यावी, रक्कम डायरेक्ट पेमेंट म्हणून कुटुंबाने घ्यावी, किंवा ती एखाद्या तिसऱ्या संस्थेकडे ठेवून निर्णय मात्र आपण घ्यावेत, असे तीन मार्ग त्यानंतर उघडतात. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे असल्याने येथे फक्त इंग्लंडचा विचार केला आहे.

मार्ग कोणताही असो, न बदलणाऱ्या गोष्टी

डायरेक्ट पेमेंट घेतल्यास जास्त पैसे मिळतात, हा समज आधी बाजूला ठेवावा. गरजांचे ॲसेसमेंट एकच असते आणि आर्थिक तपासणीही एकच. ज्याला देखभाल हवी त्याची बचत २३,२५० पौंडांच्या वर असेल तर खर्च त्याचा त्यालाच करावा लागतो. १४,२५० पौंडांच्या खाली असेल तर बचत धरली जात नाही, फक्त उत्पन्न पाहिले जाते. या दोहोंच्या मध्ये असल्यास प्रत्येक २५० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न गृहीत धरतात. हे आकडे २०१० पासून हललेले नाहीत. देखभाल घरी होणार असेल तर राहत्या घराची किंमत गणनेत येत नाही आणि मुलांचे उत्पन्नही पाहिले जात नाही, मात्र पुण्यातला रिकामा फ्लॅट किंवा भारतातील बँकेतल्या मुदत ठेवी ही मालमत्ताच धरली जाते. आपल्याकडील अनेक कुटुंबे ही माहिती द्यायची विसरतात, कधी कधी सोयीने विसरतात, आणि पुढे वसुलीचे पत्र आले की धावपळ होते.

अटेंडन्स अलाउन्स ही बाब वेगळी आहे. पेन्शनच्या वयानंतर देखभालीची गरज असणाऱ्याला मिळणारा हा भत्ता उत्पन्नावर अवलंबून नसतो, म्हणून पर्सनल बजेटचा निर्णय होईपर्यंत त्याचा अर्ज थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

माणूस निवडण्याचा हक्क

माझ्या सासऱ्यांना पार्किन्सन्स होता आणि पुढे स्मृतीही क्षीण होत गेली. सुरुवातीची दोन वर्षे काउन्सिलने लावलेली एजन्सी येत असे. सकाळी आठची भेट कधी सव्वाआठला होई, कधी सव्वादहाला. पार्किन्सन्सची गोळी वेळेवर पोटात गेली नाही तर माणूस पलंगाच्या कडेला लाकडासारखा बसून राहतो, हे कागदावर लिहून दिलेले असूनही दर पंधरवड्याला नवा चेहरा येई आणि त्याला ते पुन्हा समजावून सांगावे लागे. चाळीस वर्षे इंग्रजीत नोकरी केलेल्या या माणसाची इंग्रजी आजारपणात जवळजवळ पुसली गेली होती. आंघोळीच्या वेळी ते "गार आहे, गार आहे" म्हणत राहायचे, आणि येणारी मुलगी, जी स्वभावाने अत्यंत मायाळू होती, हसून मान डोलवायची आणि शॉवर तसाच चालू ठेवायची. दोष तिचा नव्हताच. तिच्या यादीत आमच्यानंतर आणखी सहा घरे होती, आणि मराठी येणारी केअरर मागण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती.

डायरेक्ट पेमेंटचे खरे मोल येथे आहे. कोण येणार, किती वाजता येणार, आल्यावर वरणभात मऊ करून भरवणार की डबा मायक्रोवेव्हमध्ये फिरवणार, हे कुटुंब ठरवते. आठवड्यातील तास आराखड्यातील गरजांशी सुसंगत राहून पुढेमागेही करता येतात. काउन्सिलच्या एजन्सीच्या बाजूने सांगायचे तर तिची केअर क्वालिटी कमिशन या देखभाल सेवांवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे नोंदणी असते, केअररचे प्रशिक्षण, तपासणी आणि बदली ही तिची जबाबदारी असते आणि तक्रार करायला समोर एक कार्यालय असते. आपण देखभालीसाठी थेट नेमलेल्या माणसाला, म्हणजे पर्सनल असिस्टंटला, अशी नोंदणी लागत नाही. त्याचा अर्थ असा, की पारख करण्याचे काम आपल्यावर येते.

मालक होण्याची किंमत

पर्सनल असिस्टंट नेमला की ज्यांना देखभाल हवी ते आजोबा, किंवा त्यांच्या वतीने पैसे सांभाळणारी व्यक्ती, कायद्याने मालक होते. एचएमआरसी या कर खात्याकडे नोंदणी, दरमहा पगारपत्रक, वर्षाला ५.६ आठवड्यांची भरपगारी सुट्टी, आजारपणाचा वैधानिक पगार, पात्र असल्यास पेन्शन आणि सक्तीचा विमा हे सारे ओघाने येते. विमा नसेल तर दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. "ती स्वयंरोजगारी आहे, आपण फक्त पैसे देतो" ही पळवाट घेऊ नये, कारण नाते कोणते हे कामाच्या स्वरूपावरून ठरते, आपण दिलेल्या नावावरून नाही.

हिशेब एकदा मांडून पाहावा. समजा आठवड्याला १४ तास आणि ताशी १३ पौंड. एप्रिल २०२६ पासून २१ वर्षे व त्यावरील व्यक्तीचे किमान वेतन ताशी १२.७१ पौंड असल्याने त्याखाली जाता येत नाही. वर्षाचा पगार ९,४६४ पौंड होतो. ५,००० पौंडांवरील रकमेवर मालकाचा नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेची सक्तीची वर्गणी) १५ टक्के म्हणजे सुमारे ६७० पौंड, पण देखभालीसाठी माणूस नेमणाऱ्याला या वर्गणीतील सूट, म्हणजे एम्प्लॉयमेंट अलाउन्स, मागता येतो आणि हा बोजा उतरतो. सुट्टीच्या काळातील सुमारे ७८ तासांसाठी मात्र दुसरा माणूस लागतोच, त्याचे पैसे वेगळे. रक्कम ठरवताना हे खर्च धरले जावेत अशी सरकारी मार्गदर्शक तत्त्वांची अपेक्षा आहे, म्हणून विमा, पेरोल आणि बदली माणूस यांसाठी किती रक्कम धरली आहे ते सोशल वर्करकडून लेखी घ्यावे. एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : असिस्टंटची सलग दोन वर्षे भरल्यानंतर आजोबांचे निधन झाले, तर त्याची नोकरी संपते आणि त्याला रिडन्डन्सीची, म्हणजे काम संपल्याने नोकरी गेल्याची, भरपाई द्यावी लागते. काही विमा योजनांत ती येते. घेताना विचारून घ्यावे.

कोणाला नेमता येते, यालाही मर्यादा आहेत. पत्नीला, किंवा त्याच घरात राहणाऱ्या मुलाला वा सुनेला देखभालीचे पैसे देता येत नाहीत, काउन्सिलने आवश्यक मानले तरच अपवाद. वेगळ्या घरात राहणाऱ्या भाचीला नेमता येते. "कोल्हापूरहून आपल्या ओळखीच्या मावशींना बोलावू" हा विचार बहुतेक घरांत एकदा तरी निघतो, पण २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नव्याने केअर वर्कर आणण्याचा व्हिसामार्ग बंद झाला आहे, आणि त्याआधीही खाजगी कुटुंबाला तो खुला नव्हता. शिकायला आलेली मराठी मुले हा व्यवहार्य पर्याय आहे, पण पदवीस्तरावरील विद्यार्थ्याला सत्र चालू असताना बहुधा आठवड्याला २० तासच काम करता येते, आणि त्यात त्याची दुसरी नोकरीही मोजली जाते. कामाचा हक्क नसलेल्या व्यक्तीला न तपासता नेमल्यास पहिल्याच चुकीला ४५,००० पौंडांपर्यंत दंड आहे, हे ओळखीच्या मुलाच्या बाबतीतही विसरू नये.

पैशाची नोंद

डायरेक्ट पेमेंट वेगळ्या बँक खात्यात किंवा काउन्सिलने दिलेल्या प्रीपेड कार्डावर येते. आर्थिक तपासणीत आजोबांनी द्यायचा ठरलेला वाटा काउन्सिल बहुधा वजा करूनच रक्कम भरते, त्यामुळे कुटुंबाने तो वाटा त्याच खात्यात दरमहा टाकायचा असतो. तो राहून गेला की चौथ्या-पाचव्या महिन्यात पगाराला पैसे पुरत नाहीत. उलट, बरीच शिल्लक साठली तर काउन्सिल ती परत घेते. आजोबांना व्यवहार समजत नसेल तर त्यांच्या वतीने दुसऱ्या योग्य व्यक्तीला हे काम करता येते, पण तिने महिन्याकाठी काही तास कागदांना दिले पाहिजेत. हे तास बहुधा सुनेच्याच वाट्याला येतात, हे मी स्वानुभवाने सांगते.

मधले दोन पर्याय

डायरेक्ट पेमेंट घेऊन माणूस न नेमता, आपल्या पसंतीची एजन्सी लावता येते. मालकीची कटकट टळते आणि गुजराती-मराठी बोलणाऱ्या केअरर ठेवणारी एखादी लहान एजन्सी शोधता येते. अडचण दराची आहे, कारण काउन्सिलने धरलेल्या दरापेक्षा तिचा दर जास्त निघाला तर तास कमी होतात किंवा फरक खिशातून जातो. तिसऱ्या संस्थेकडे बजेट ठेवण्याचा पर्याय, ज्याला इंडिव्हिज्युअल सर्व्हिस फंड म्हणतात, कायद्यात आहे आणि कागदावर सर्वांत समतोल वाटतो, पण तो चालवणारी संस्था आपल्या भागात असावी लागते.

आजारपण मुख्यतः वैद्यकीय स्वरूपाचे असल्यास आधी एनएचएस कंटिन्यूइंग हेल्थकेअरची, म्हणजे सरकारी आरोग्य सेवेच्या खर्चाने होणाऱ्या देखभालीसाठीची, तपासणी मागावी. तेथे बचतीची चौकशी होत नाही, आणि पात्र ठरल्यास पर्सनल हेल्थ बजेटचा हक्क ऑक्टोबर २०१४ पासून आहे.

कोणी काय निवडावे

मनात एखादे माणूस आधीच असेल, भाषा किंवा औषधांच्या वेळा हा कळीचा प्रश्न असेल आणि घरातील एक जण कागद सांभाळायला तयार असेल, तर डायरेक्ट पेमेंट घ्यावे. माणूस अजून शोधायचा असेल, किंवा आजोबा नुकतेच रुग्णालयातून घरी आले असतील, तर काउन्सिलच्या एजन्सीने सुरुवात करावी. मार्ग बदलण्याची मागणी पुढे केव्हाही करता येते. घरात माणसाचे नाव ठरण्याआधीच डायरेक्ट पेमेंट घेऊन बसलेली दोन कुटुंबे मी पाहिली आहेत. पैसे खात्यात होते आणि आजींना उठवून बसवायला कोणी नव्हते.

आम्ही तिसऱ्या वर्षी डायरेक्ट पेमेंट घेतले आणि नागपूरचा एक विद्यार्थी सकाळी पावणेआठला येऊ लागला. तो पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन पाही आणि विचारी, "आजोबा, चालेल ना?" परीक्षेच्या आठवड्यात तो येणार नाही हे आम्हांला आदल्या रात्री कळले, आणि त्या आठवड्यात सकाळची गोळी नवऱ्याने रजा काढून दिली. त्यानंतर आराखड्यात आम्ही एक ओळ घालून घेतली : असिस्टंट न आल्यास कोणत्या एजन्सीला, कोणत्या क्रमांकावर, किती वाजेपर्यंत फोन करायचा. कोणत्याही मार्गाच्या कागदावर सही करण्याआधी ही ओळ त्यात आहे का, ते पाहून घ्यावे.