श्वान पथक की खासगी डॉग ट्रेनर?

कुत्र्यांना शिकवण्यातच करिअर करायचं असेल, तर महाराष्ट्रात दोन वाटा समोर येतात: पोलिसांचं श्वान पथक, नाहीतर घरोघरी जाणारा खासगी ट्रेनर.

पथकात हँडलर, म्हणजे कुत्रा सांभाळून त्याच्यासोबत काम करणारा पोलिस, व्हायचं तर आधी पोलिस शिपाई व्हावं लागतं. बारावी, मैदानी चाचणी, लेखी परीक्षा, मग श्वान पथकात घ्या अशी मागणी. आणि मागितलं की मिळेलच असं नाही. मिळालं, तर मात्र एकाच कुत्र्यासोबत वर्षानुवर्षं काम आणि दरमहा पगार. पुण्यात सीआयडीचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला बीएसएफचं. तिथे हँडलर आणि कुत्रा जोडीनेच शिकतात. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याने वास लागताच गुपचूप खाली बसायचं असतं, कारण पंजा मारला तर स्फोटाचा धोका. सरावात स्फोटकाचा वास असलेल्या डब्याजवळ तो बसला की त्याच क्षणी बक्षीस म्हणून चेंडू द्यायचा. जरा उशीर झाला आणि तो उठला, तर बक्षीस उठण्याचं होतं. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी मुंबईत तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स शोधणारा लॅब्रॅडॉर जंजीर याच कामाचा.

खासगी कामाला परवाना लागत नाही, त्यामुळे कुणीही बोर्ड लावतो. साखळी आवळून किंवा मारून शिकवणाऱ्याच्या हाताखाली अजिबात राहू नका. कमाई ओळखींवर चालते, पहिली काही वर्षं ओढाताणीची जातात, आणि वेळ सकाळ-संध्याकाळची नि रविवारची. शिवाय खरं शिकवायचं असतं ते घरच्यांना. कुत्रा अंगावर उडी मारतो, आजोबा "अरे नको, नको" म्हणत त्याचं डोकं कुरवाळतात, आणि उडी पक्की होते. "आजोबा, चारही पाय जमिनीवर टेकले की मगच हात लावा," हे न दुखावता, दर आठवड्याला सांगता आलं पाहिजे. माणसांशी बोलायचा कंटाळा असेल तर या वाटेला जाऊ नका.

रेबीजची प्रतिबंधक लस दोन्हीकडे आधीच घ्या.

वय पंचविशीच्या आत असेल आणि धावायची तयारी असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी भरतीची तयारी करा. खुल्या प्रवर्गाला तिथे २८ ची मर्यादा आहे. खासगी काम चाळिशीतही सुरू करता येतं.