देवलांचं कोणतं नाटक बसवावं? ‘शारदा’, ‘संशयकल्लोळ’ की ‘मृच्छकटिक’

नागपुरात हौशी मंडळी संगीत नाटक बसवायला निघाली की पहिलं नाव ‘कट्यार काळजात घुसली’चं निघतं. पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण ते नाटक १९६७ चं, म्हणजे परवानगी आणि मानधन आलंच. शिवाय खाँसाहेब आणि सदाशिव या दोन भूमिकांना तयारीचे गवई नसतील, तर प्रयोग पहिल्या अंकातच बसतो. मग गाडी जुन्या नाटकांकडे वळते आणि गोविंद बल्लाळ देवलांपाशी थांबते. थांबायला ती जागा चांगली आहे.

देवल १९१६ साली गेले. त्यांच्या मूळ संहितेवरचा स्वामित्वहक्क कधीच संपला आहे, तिच्यासाठी कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. मात्र अलीकडच्या कुणी संपादित केलेली रंगावृत्ती किंवा नव्याने बांधलेल्या चाली वापरणार असाल, तर त्यांचा हिशेब वेगळा. दुसरी सोय पदांची. ‘मानापमान’चे शब्द खाडिलकरांचे आणि चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ‘स्वयंवर’च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. देवलांचं तसं नाही. बेळगावात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हाताखाली शिकलेला हा माणूस पद लिहितानाच चाल धरून लिहायचा. म्हणून त्यांची अक्षरं तालात आपोआप बसतात. नवख्या नटाला याचा जो फायदा होतो, तो तालमीच्या तिसऱ्या दिवशी कळतो.

देवलांची नाटकं सात, त्यातलं स्वतंत्र फक्त ‘शारदा’. ‘दुर्गा’ आणि ‘झुंझारराव’ इंग्रजीवरून आलेली. ‘झुंझारराव’ म्हणजे ऑथेल्लो, आणि ते गद्य आहे, तेव्हा संगीताच्या विचारातून बाद. ‘विक्रमोर्वशीय’ कालिदासाचं, ‘शापसंभ्रम’ बाणभट्टाच्या कादंबरीवरचं. ही दोन्ही वाचायला सुरेख, पण आज बसवायची तर भाषेपासून पडद्यापर्यंत सगळं नव्याने उभं करावं लागेल. उरतात तीन: शूद्रकावरून केलेलं ‘मृच्छकटिक’, १८९९ साली इंदूरला पहिल्यांदा झालेलं ‘शारदा’ आणि देवलांच्या निधनानंतर त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेलं ‘संशयकल्लोळ’.

‘मृच्छकटिक’ आधी हातावेगळं करू. ‘तेचि पुरुष दैवाचे’, ‘रजनीनाथ हा नभी उगवला’, ‘जन सारे मजला म्हणतील की’ ही पदं अजून मैफलीत गायली जातात आणि त्यांच्या मोहाने मंडळी या नाटकाकडे ओढली जातात. मोह आवरा. मूळ संस्कृत नाटक दहा अंकी आहे. घरफोडी, गाड्यांची अदलाबदल, उद्यानातला गळा दाबण्याचा प्रसंग आणि शेवटी वधस्थान, एवढं सगळं त्यात आहे. दर दहा मिनिटांनी स्थळ बदलतं. शर्विलक या चोराला भिंत फोडायची आहे, म्हणजे फुटणारी भिंत हवी. शकार हे खलपात्र तर असं आहे की नट जरा कमी पडला तर विनोद ओंगळ होतो आणि जरा जास्त झाला तर नायक चारुदत्त झाकला जातो. आधी दोन संगीत नाटकं पार पाडलेल्या गटानेच याला हात घालावा.

खरा पेच उरलेल्या दोघांत आहे.

‘संशयकल्लोळ’ सोपं, असा समज सार्वत्रिक आहे. कारणंही दिसायला भक्कम आहेत. पोशाख साधे: पगडी, उपरणं, नऊवारी. भाड्याचे मुकुट नाहीत, राजवाडा नाही. बहुतेक पदांचं ओझं अश्विनशेठ आणि रेवती या प्रेमिकांवर, म्हणजे दोन गवई मिळाले की झालं असं वाटतं. विनोदी असल्याने तिकिटंही खपतात. यातलं काहीच खोटं नाही. पण हे नाटक गवयांमुळे पडत नाही, फाल्गुनरावामुळे पडतं. संशयी नवरा हा पाचही अंकांचा कणा आहे आणि त्याला गाणं जवळपास नाही. त्याचं सगळं गाणं गद्यात आहे. देवलांनी आधी ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक लिहिलं होतं आणि पुढे त्याचंच संगीत नाटक केलं, हे ध्यानात ठेवलं की रचना उलगडते. वाक्यं आखूड, एकावर एक आदळणारी, मध्ये स्वगत. त्याच्या बायकोचं, कृत्तिकेचं वाक्य संपायच्या आत फाल्गुनरावाचं सुरू झालं पाहिजे. हौशी नट ऐकून, समजून, श्वास घेऊन उत्तर देतो. तेवढ्या अर्ध्या सेकंदाने संशय मरतो आणि प्रेक्षक पदाची वाट पाहत बसतो. मग गाणी छान झाली, नाटक जरा लांबलं, असा शेरा मिळतो.

म्हणून नटांची निवड करताना अश्विनशेठ शेवटी शोधा. आधी फाल्गुनराव, मग कृत्तिका, मग त्यांचा नोकर भादव्या. हे तिघे जुळत नसतील तर ‘संशयकल्लोळ’ सोडून द्या, गवई कितीही चांगला असो.

गवयाबद्दलही एक गोष्ट. ‘मृगनयना रसिक मोहिनी’ दरबारी कानड्यात आहे आणि प्रेक्षक त्या पदाची वाट पाहूनच आलेला असतो. दरबारीचा गंधार आंदोलित, म्हणजे झुलता. तो सरळ लावला की राग घसरतो आणि जाणकार खुर्चीत चुळबुळतो. थोरांच्या ध्वनिमुद्रणावरून पाठ करणारे गायक तानांसकट पाठ करतात आणि रंगमंचावर सात मिनिटं घेतात. तेवढा वेळ रेवतीने काय करायचं? बसून राहायचं? पदाला चार मिनिटांची हद्द घाला, आणि ती घड्याळाने पाळा.

या नाटकातला सगळा गोंधळ एका तसबिरीवर उभा आहे. रस्त्यात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, कृत्तिका ते बघते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते आणि आता फाल्गुनरावाची पाळी येते. ही वस्तू हौशी प्रयोगात नेहमी चुकते. पाकिटातल्या फोटोएवढी केली तर पाचव्या रांगेपलीकडे दिसत नाही. भिंतीवरच्या फ्रेमएवढी केली तर बाई ती घेऊन रस्त्याने निघाली कशी, हा प्रश्न पडतो. पाच बाय सात इंच, काच नसलेली चौकट योग्य. काच ठेवली तर दिव्याची तिरीप प्रेक्षकांच्या डोळ्यांवर जाते. फोटो त्याच नटाचा, त्याच पगडीतला हवा. आणि दोन प्रती, विंगेत दोन्ही बाजूंना एकेक.

‘शारदा’कडे मंडळी फिरकत नाहीत, कारण विषय जुना वाटतो: पैशासाठी मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावणारा कांचनभट, मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित, बोहल्यावर चढायला उतावीळ भुजंगनाथ. (१९२९ चा शारदा कायदा या नाटकावरून आला असं जाहिरातीत छापू नका. ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडलं. हसू होतं.) पण पहिलं संगीत नाटक बसवणाऱ्या गटाला आमचा कौल याच नाटकाला. पदं लहान आहेत आणि ती पुष्कळांत वाटली गेली आहेत. शारदा, तिची मैत्रीण वल्लरी, नायक कोदंड, शारदेची आई इंदिराकाकू, सगळ्यांच्या वाट्याला काही ना काही येतं. चाली बायकांच्या गाण्यांच्या, कीर्तनातल्या वळणाच्या. नागपुरात भजनी मंडळात किंवा सुगम संगीताच्या वर्गात तीन-चार वर्षं गेलेली मुलगी ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ आठवड्यात उचलते. ‘मूर्तिमंत भीती उभी’ला मात्र वेळ द्यावा लागतो. तिथे सूर चुकत नाही, भाव चुकतो. घाबरलेली मुलगी गाते आहे, स्पर्धेतली गायिका नव्हे.

अडचण वयाची. शारदा कोवळी दिसली पाहिजे. पस्तिशीची उत्तम गायिका घेतली तर भुजंगनाथाचं वय हा प्रश्नच उरत नाही आणि नाटकाचा पाया जातो. अठरा-वीसची, आवाजाने कच्ची पण दिसायला खरी मुलगी घ्या आणि अवघड पदं दोन कडव्यांवर आणा. शेवटही जड आहे: सगोत्र असल्याचं उघडकीला येऊन मोडलेलं लग्न, नदीकडे धावलेली शारदा, आणि मग शंकराचार्यांचा निर्णय. तो निर्णय सांगणारी भाषणं निम्म्यावर आणली तरी काही बिघडत नाही. कांचनभट आणि भद्रेश्वर यांचा सौद्याचा प्रवेश मात्र शब्दही न कापता ठेवा. हुंड्याच्या बोलणीला बसलेल्या कुठल्याही घरात तो आजही ओळखीचा वाटेल.

कापाकापीवरून आठवलं. दोन्ही नाटकांत सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. जुने प्रयोग रात्रभर चालत. आजची हद्द तीन तास. दिग्दर्शक पेन घेऊन बसतो आणि पहिल्यांदा दिंड्या, साक्या, अंजनीगीतं उडवतो, कारण ती कुणाला पाठ नसतात. लोकांना ठाऊक असलेली पदं सगळी ठेवतो. परिणाम उलटा. दिंडीच्या ओळीत मात्रा १९, नऊवर थांबा; साकीच्या ओळीत २८. ही वृत्तं बोलण्याच्या अंगाने जातात, ठेका न लावता अर्ध्या-पाऊण मिनिटात म्हणून होतात आणि गोष्ट पुढे नेतात. ती काढली की दोन मोठ्या पदांच्या मधला दुवा तुटतो आणि नाटकाची मैफल होते. हिशेब असा मांडा: तीन तासांतून मध्यंतराची १५ मिनिटं वजा, राहिली १६५. अठरा पदं प्रत्येकी चार मिनिटं, ७२. दहा-बारा दिंड्या-साक्या, आठ मिनिटं. गद्याला उरली ८५, म्हणजे पाच अंकांत प्रत्येकी १७. पहिल्या वाचनालाच पदं वगळून प्रत्येक अंक घड्याळ लावून वाचा. ‘संशयकल्लोळ’चा पहिला अंक २५ मिनिटांवर गेला तर कात्री लावण्याआधी नटांचा वेग बघा, बहुधा दोष तिथेच असतो. वन्स मोअरला फक्त अंतरा द्यायचा, हेही तालमीतच ठरवून टाका.

संहिता कुठली घ्यावी? पदावर राग, ताल आणि ज्या गाण्यावरून चाल घेतली त्याचा पहिला चरण छापलेली जुनी आवृत्ती मिळाली तर तीच. विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात आधी चौकशी करा. पदावर ‘त्रिवट’ दिसलं तर गोंधळू नका, त्रितालाच्या अंगानेच जायचं. गाण्यांच्या संकेतस्थळांवरची पदं पाठांतराला बरी, पण तिथे पुष्कळदा एक-दोन कडवीच असतात आणि नेमकं कथेचं कडवं गळालेलं असतं. कापलेली प्रत पक्की झाली की तीच टंकून रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी पाठवा. पूर्ण पुस्तक पाठवून वेगळंच नाटक करू नका.

भाषेचं एक अवघड जागेचं दुखणं. ‘मी येऊन राहिलो’, ‘तो करून राहिला’ हे नागपुरी जिभेवर इतकं बसलेलं असतं की ऐन वेळी निसटतंच. इंदिराकाकूच्या तोंडी ते आलं की प्रेक्षागृह हसतं, आणि तो प्रसंग रडण्याचा असतो. भादव्याने मात्र एखादं वाक्य तसं टाकलं तर टाळी मिळते. एखादंच.

सभागृहाची निवड नाटक ठरल्यावर करा. ‘संशयकल्लोळ’मध्ये स्वगतं फार, नटाची भुवई दिसायला हवी, रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहासारख्या मोठ्या जागेत ते विरतं. त्याला लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह बरं. ‘शारदा’त मुलींचा घोळका, लग्नमंडप, गर्दी आहे, सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहाचा रंगमंच तिला मानवतो. फक्त डिसेंबरातली तारीख घेऊ नका. विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या दिवसांत त्या भागातले रस्ते अडवलेले असतात आणि निम्मा प्रेक्षक पहिल्या अंकानंतर पोचतो.

साथीला ऑर्गन, तबला आणि जमल्यास व्हायोलिन. पट्टी, म्हणजे षड्ज कुठल्या सुरावर धरायचा ते ठरवताना पुरुषाला काळी एक आणि स्त्रीला काळी चार देता आली तर मोठी सोय होते: स्त्रीचा षड्ज तोच पुरुषाचा पंचम, म्हणून काळी चारला लावलेला एकच तबला दोघांना चालतो आणि पदापदाला हातोडी वाजत नाही. दरबारीत पंचम असल्याने ‘मृगनयना’लाही अडत नाही. मात्र तालीम मे महिन्यात आणि प्रयोग ऑगस्टात असेल तर तबल्यावर नजर ठेवा. नागपूरच्या कोरड्या उन्हात पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ताणून सूर चढतो, पावसाळ्यात तीच सैल पडून उतरते, आणि वातानुकूलित सभागृहात पहिल्या तासात पुन्हा बदलते. तबला घंटेच्या तासभर आधी रंगमंचावर उघडा ठेवायचा, आणि तिसरी घंटा होण्याआधी ऑर्गनशी एकदा मिळवून घ्यायचा.