आठ महिने, एक कोश आणि लबाडीचे नऊ शब्द

पहिल्याच आठवड्यात मी हा इंग्रजी समानार्थी शब्दांचा कोश परत पाठवणार होते. अक्षर बारीक, पानावर दोन रकाने, आणि एखादा शब्द काढावा तर अर्थाच्या जागी 'अमुक ठिकाणी पाहा' एवढंच. 'क्राफ्टी' काढला, म्हणे 'स्लाय' पाहा. 'वायली' काढला, तरी 'स्लाय'च. या टेबलावरून त्या टेबलावर फाइल फिरावी तशी मी फिरत होते. आज आठ महिन्यांनी त्याच 'स्लाय'च्या पानाची कड बोटं लागून मळकी झालीय.

कोशाचं नाव देत नाही. या जातीचे इंग्रजी कोश दोन-चार आहेत आणि बांधणी थोडीफार सारखीच. नेहमीचा थिसॉरस, म्हणजे पीटर रोजे यांनी १८५२ साली पहिल्यांदा छापला त्या घराण्यातला, एका कल्पनेभोवतीचे शब्द रांगेत उभे करतो आणि बाजूला होतो. कुठला उचलायचा ते तुमचं तुम्ही बघा. हा कोश त्या रांगेतल्या एकेकाला पुढे बोलावून त्याची खोड सांगतो.

घेतला त्यामागचं कारण जरा लाजिरवाणं आहे. एका धाकट्या सहकाऱ्यासाठी इंग्रजीत शिफारसपत्र लिहायचं होतं. मनात होतं 'चाणाक्ष'. हात गेला 'कनिंग'वर, कारण शाळेत 'चतुर'च्या समोर तोच पाठ केलेला. दोन दिवसांनी पलीकडून फोन आला. आवाज काळजीचा: "याने तुमच्याकडे नक्की काय केलं होतं?"

गंमत अशी की चारशे वर्षांपूर्वी माझं पत्र बहुधा खपून गेलं असतं. 'कनिंग' हा 'जाणणे' या अर्थाच्या जुन्या धातूतून आलाय. 'कॅन' हे साधं क्रियापद त्याचंच भावंड. १६११च्या इंग्रजी बायबलात १३७व्या स्तोत्रात, जेरुसलेमा, तुला विसरलो तर माझा उजवा हात त्याचं 'कनिंग' विसरो, अशी शपथ आहे. तिथे अर्थ निव्वळ कसब. लबाडीचा मागमूस नाही. 'क्राफ्टी'चंही तेच. मूळ अर्थ बळकट, कुशल. जर्मनमध्ये 'क्राफ्ट' म्हणजे आजही शक्तीच. 'स्लाय' जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि तिथे त्याचं नातं 'घाव घालणे'शी आहे, म्हणजे ज्याचा वार बरोबर बसतो तो. हातचलाखीसाठीचा 'स्लाइट ऑफ हँड' त्याच कुळातला.

तिघेही कौतुकातून निघाले आणि संशयात येऊन पडले. उलट 'श्रूड'. हा सुरुवातीला सरळसरळ दुष्ट, वाईट होता. 'श्रू' या कजाग माणसासाठीच्या शब्दाचा नातलग. तो मात्र हळूहळू वर चढला आणि आता गुंतवणूकदारांच्या ओळखीत सन्मानाने बसतो. मला पत्रात हवा होता तो हाच. एक वर गेला, तीन खाली आले. हे कळल्यावर कोशाची किंमत वसूल झाली असं मी स्वतःशीच म्हटलं. (इतिहासाचा हा भाग नोंदीत फार नाही, त्यासाठी व्युत्पत्तिकोश वेगळा उघडावा लागतो. दोन्ही शेजारी ठेवले की मजा येते.)

आता रोजच्या वापराचं. व्याख्या वाचून माझ्या डोक्यात फरक कधीच टिकले नाहीत. टिकले ते एक खेळ सुरू केल्यावर: एकच नाम घ्यायचं आणि त्यापुढे सगळे शब्द लावून बघायचे.

'स्माइल' घ्या. 'स्लाय स्माइल' झकास बसतं. ओठाच्या कोपऱ्यातलं, काहीतरी ठाऊक असल्याचं हसू. मराठीत आपण मिश्किल म्हणू, त्यात वाईट फारसं नाही. 'कनिंग स्माइल' म्हटलं की तोच चेहरा खलनायकाचा होतो. 'श्रूड स्माइल' करणाऱ्याने समोरच्याची किंमत आधीच केलेली असते. 'इन्सिडिअस स्माइल' कानाला खटकतं, कारण तो शब्द मुळात माणसाच्या चेहऱ्याचा नाहीच. लॅटिनमध्ये त्याचं मूळ दबा धरून बसण्यात आहे. तो शोभतो आजाराला, अफवेला, सवयीला: कळेकळेपर्यंत आतून पोखरून मोकळं झालेलं असतं. डॉक्टर एखाद्या आजाराची सुरुवात 'इन्सिडिअस' होती असं लिहितात तेव्हा आजार लबाड होता असं त्यांना म्हणायचं नसतं; चाहूल न देता आला, एवढंच.

या खेळातून मला जे उमगलं ते असं: हे शब्द कमी लबाड, जास्त लबाड अशा चढत्या पायऱ्या नाहीत. प्रत्येक जण लबाडीची वेगळी बाजू बघतो. 'स्लाय' लपवण्याकडे बघतो. 'ऑन द स्लाय' म्हणजे गुपचूप. 'क्राफ्टी' रचण्याकडे, डाव कसा बांधला त्याकडे. 'वायली'ला समोर कोणीतरी लागतं, ज्याच्या तावडीतून निसटायचंय किंवा ज्याला जाळ्यात ओढायचंय. म्हणून तो मुरलेल्या, वय झालेल्या माणसाला जास्त लागतो. 'डीव्हिअस' वाटेकडे बघतो, आणि हा माझा लाडका: लॅटिनमध्ये शब्दशः रस्ता सोडून गेलेला. आपला 'आडवळणी' त्याच्या शेजारी ठेवा, दोन भाषा एकाच फाट्यावर भेटल्यासारख्या वाटतात. तसंच 'कनाइव्ह'. मूळ अर्थ डोळे मिटणे, म्हणजे चक्क कानाडोळा. तिथून तो कट करण्यापर्यंत पोचला. बघूनही न बघणारा शेवटी सामील समजला गेला, यात मला तरी काही चूक दिसत नाही.

'गाइल'ने मात्र मला चकवलं. कोश त्याला सरळ कपटाच्या खात्यात टाकतो. पण क्रिकेटचं इंग्रजी समालोचन ऐकणाऱ्याला विचारा. फिरकी गोलंदाजाच्या 'गाइल'चं तिथे तोंड भरून कौतुक होतं. चेंडूला उंची देऊन फलंदाजाला पुढे खेचणं हे पाप नाही, कला आहे. नियमांच्या चौकटीत फसवणं हेच काम असेल तर फसवणारा शब्दही चोख होतो. बोलतोय कोण आणि कुठल्या मैदानात, हे या कोशाला कळत नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच.

बाकीच्या तक्रारी उरकते. उदाहरणं फार जुनी. ब्रिटिश आणि अमेरिकन वापरातला फरक जवळजवळ नाही: ब्रिटनमध्ये 'क्राफ्टी' सिगारेट म्हणजे कोणाचं लक्ष नसताना पटकन मारलेले दोन झुरके, तर अमेरिकेत 'क्राफ्टी' बाई म्हटलं की ती विणकाम, कागदकाम करणारी असण्याची शक्यता बरीच. 'फॉक्सी'चा आकर्षक हा अर्थ नोंदीत दिसत नाही, आणि कोल्ह्याचीच उपमा म्हणून बेधडक वापरला तर फजिती ठरलेली. 'ट्रिकी'ला तीन ओळी, त्या पुरेत. बांधणी चांगली, पाठीवरची शिवण अजून शाबूत.

नवशिक्याने घेऊ नये. ज्याला इंग्रजी येतं पण शब्द हातात घेतल्यावर वजन कळत नाही, त्याने घ्यावा, आणि पेन्सिल जवळ ठेवावी. माझ्या समासात आता मराठी शब्दांची गर्दी आहे: 'स्लाय'पुढे 'आतल्या गाठीचा', 'क्राफ्टी'पुढे 'कावेबाज', 'स्कीमिंग'पुढे 'कारस्थानी', 'श्रूड'पुढे अर्थातच 'चाणाक्ष', दोनदा अधोरेखित. 'डँबिस' आणि 'बिलंदर' तळाशी बेवारस पडलेत. त्यांच्यातला लाड इंग्रजीत नेणारा शब्द मला या नऊ जणांत सापडला नाही.

सध्या एका कथेचं भाषांतर करतेय. त्यात एक बेरकी आजी आहे. पैशांचा विषय निघाला की तिला ऐकू येत नाही, आणि दुसऱ्या खोलीत डबा उघडल्याचा आवाज मात्र बरोबर येतो. 'स्लाय' लावला तर ती चोरटी वाटते. 'कनिंग' तर नकोच. इंग्लंडात पूर्वी 'कनिंग वुमन' म्हणजे झाडपाला आणि मंत्रतंत्र करणारी गावातली बाई. 'क्राफ्टी' लावला तर वाचक तिच्या हातात सुया देतील. 'श्रूड'ने ती शेअरबाजारात जाते, 'कॅनी' या हिशेबी हुशारीच्या स्कॉटिश शब्दाने स्कॉटलंडला. तीन आठवड्यांपासून तिथे 'वायली' लिहिलेलं आहे, पेन्सिलीने, पुढे प्रश्नचिन्ह.