उलटा एलव्ही, सरळ एलव्ही आणि माझी सेकंडहँड स्पीडी

सेकंडहँड बॅगा विकणाऱ्या एका अ‍ॅपचा हा माझा अनुभव. आधीच सांगते, अ‍ॅपचं नाव लिहीत नाहीये, पैसे परत मिळालेत आणि मला आता वाद नकोय. पाचपैकी तीन स्टार. दोन का कापले ते पुढे येईलच.

मला लुई व्हितॉनची, म्हणजे एलव्हीची, स्पीडी ३० ही हँडबॅग हवी होती, तीच ती दोन हँडलवाली, तपकिरी मोनोग्रामची, म्हणजे एलव्ही अक्षरांच्या नक्षीची. नवी घ्यायची ऐपत नाही हे एक, आणि खरं सांगायचं तर मला तिची जुनी झालेली, मधाच्या रंगाची हँडलंच जास्त आवडतात. अ‍ॅपवर एक दिसली, "२०१४ ची, फार कमी वापरलेली", वर ऑथेंटिकेटेड, म्हणजे अस्सल असल्याचं तपासलंय, म्हणून हिरवी टिक, सोबत डस्ट बॅग, बॉक्स, बिलाची झेरॉक्स आणि ऑथेंटिसिटी कार्ड. कार्ड बघून मी विरघळलेच. नंतर कळलं की एलव्ही असलं कार्ड देतच नाही, म्हणजे जे बघून मी निर्धास्त झाले तोच खरा मुद्देमाल होता!

पार्सल उघडलं तर आधी वासच आला, चामड्याचा नाही, स्वस्तातल्या नव्या चपलेचा येतो तसा सोल्युशनचा उग्र वास. हँडलं गोरीपान. आता एलव्हीच्या हँडलांचं चामडं असतं ना, व्हॅशेटा म्हणतात त्याला, त्यावर काही लेप नसतो, त्यामुळे ऊन आणि हाताचा घाम लागून ते वर्षागणिक गडद होत जातं. बॅग २०१४ ची आणि हँडलं कालची, हे कसं काय? बरं, काही जण हँडलं बदलूनही घेतात, त्यामुळे नुसत्या तेवढ्यावर नकली म्हणता येत नाही. मग मी हँडलावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडला तर तो मोत्यासारखा घरंगळून खाली. खरं व्हॅशेटा पाणी पिऊन टाकतं आणि डाग कायमचा राहतो, म्हणून हा प्रयोग चुकूनही अस्सल बॅगेवर करू नका, मी रागात होते म्हणून केला.

तरी मन मानेना. आतल्या खिशात चामड्याच्या छोट्या पट्टीवर डेट कोड, म्हणजे बॅग कधी बनली ते सांगणारा कोड, होता, दोन अक्षरं आणि पुढे ५१८४. २००७ पासूनच्या कोडमध्ये पहिला आणि तिसरा आकडा मिळून आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. म्हणजे वर्ष १४, बरोबर, आणि आठवडा ५८. अठ्ठावन्नावा आठवडा!! मी कॅलेंडर काढून बसले होते हो, उगाच कुणावर आळ नको म्हणून. कोड बरोबर निघाला तरी बॅग खरी असेलच असं नाही, नकलवाले खरा कोडही छापतातच, पण चुकीचा निघाला की विषय संपला. आणि २०२१ मध्ये कंपनीने हे कोड बंद करून आत चिप बसवायला सुरुवात केली, तेव्हा कुणी २०२३ ची बॅग डेट कोडसकट विकत असेल तर सरळ पुढे जा.

कस्टमर केअरचं म्हणाल तर तीनदा एकच उत्तर, "आमच्या एक्स्पर्टनी बॅग तपासली आहे." चौथ्यांदा मी फक्त एवढंच विचारलं की तुमच्या एक्स्पर्टच्या वर्षात आठवडे किती असतात? दोन दिवसांत रिफंड. एक स्टार त्या हिरव्या टिकसाठी कापला, दुसरा त्या तीन उत्तरांसाठी.

एवढं होऊनही त्याच अ‍ॅपवरून दुसरी घेतली, हौस काय करणार. या वेळी आधी फोटो मागवले, दिवसाच्या उजेडातले, कोडचा, बुडाचा आणि कंपनीच्या नावाच्या शिक्क्याचा अगदी जवळून. शिक्क्यातले ओ चांगले गोल असतात आणि एलची आडवी दांडी आखूड, पहिल्या बॅगेत ओ अंड्यासारखे होते. ही २००९ ची, कोड १०२९, म्हणजे बारावा आठवडा. सगळं जुळलं. बॅग आली, पाठ फिरवून बघते तर मागचे सगळे एलव्ही उलटे! डोकं खाली पाय वर. मी रिटर्न टाकायलाच निघाले होते, तेवढ्यात वहिनी म्हणाली, "अगं थांब, खालून शिवण आहे का बघ." शिवण नव्हती. कॅनव्हासचा एकच सलग तुकडा पुढून बुडाखालून मागे जातो, मग एका बाजूला अक्षरं उलटी येणारच. आणि माझ्या त्या नकली बॅगेत दोन्ही बाजू कशा छान सरळ होत्या, कारण बुडाला दोन तुकडे जोडलेले! चांगल्या नकलांमध्ये आता हेही जमवतात, त्यामुळे यावर एकट्यावर विसंबू नका. गंमत म्हणजे हा मोनोग्राम १८९६ मध्ये आणला तोच नकला थांबाव्यात म्हणून.

मैत्रिणीने शनेलच्या बॅगांचं विचारलं होतं, तिथे मला एवढंच माहिती की कुलपावरच्या एकमेकांत अडकलेल्या दोन सी अक्षरांमध्ये वर उजवा सी डाव्याच्या अंगावरून जातो आणि खाली डावा उजव्याच्या, आणि मागच्या खिशावरच्या चौकटींच्या शिवणीच्या रेषा बॅगेवरच्या रेषांना जुळायला हव्यात. बाकी त्या बॅगेच्या वाटेला मी जाणार नाही.

दुसरी बॅग आता रोज वापरतेय. हँडलं छान गडद, आतल्या अस्तरावर कुणाच्या तरी पेनाची रेघ, चेन घट्ट पण सरकते. पितळी कुलूप सोबत आलंय, चांगलं वजनदार, फक्त किल्ली नाही. कुलपावर ३१२ कोरलंय आणि त्याच नंबरची कुठलीही किल्ली चालते म्हणे, तर कुणाकडे ३१२ पडून असेल तर कळवा.